एफए कपचा एक हंगाम वहीत कसा मांडावा

विश्वचषकाने आपल्याला एक सवय लावली आहे. बाद फेरी म्हटली की कागद आडवा धरायचा, डावीकडे सोळा नावं लिहायची आणि विजेत्यापर्यंत कंस ओढत जायचं. इंग्लंडच्या एफए कपची, म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबांच्या बाद स्पर्धेची, नोंद ठेवायची असेल तर आधी तो कंस विसरा. या स्पर्धेत जवळजवळ प्रत्येक फेरीसाठी नव्याने ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) निघतो. तिसरी फेरी जिंकणारा संघ चौथ्या फेरीत कोणाशी भिडेल, हे तिसऱ्या फेरीचा ड्रॉ निघाला तेव्हा कोणालाच माहीत नसतं. आधीच आखून ठेवलेला तक्ता म्हणूनच इथे टिकत नाही. हंगाम संपल्यावर उलट्या दिशेने कंस काढता येतो, पण तो फक्त शोभेचा.

भारतातल्या सुपर कपचं तसं नाही. २०२५ मध्ये भुवनेश्वरला झालेल्या स्पर्धेत पहिल्या दिवसापासून पुढचा सगळा रस्ता ठरलेला होता. एफसी गोवाने अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० हरवलं, तोवर तक्त्यात बदल करायची गरज पडली नाही. तिथे कंस चालतो. एफए कपला लागते ती खतावणी. प्रत्येक फेरीचं स्वतंत्र पान, आणि त्या पानावर मागच्या पानावरून पुढे आणलेली नावं.

खालची पद्धत २०२४-२५ च्या हंगामावर बेतली आहे. तो पूर्ण झालेला असल्यामुळे प्रत्येक आकडा तपासून पाहता येतो. शिवाय त्याच हंगामात मुख्य फेऱ्यांमधले (पहिली ते अंतिम) रिप्ले, म्हणजे बरोबरी झाल्यावर पुन्हा खेळवायचे सामने, बंद झाले. त्यामुळे जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रकारच्या नोंदी कशा करायच्या हे त्यात एकत्र दिसतं.

आधी सांगाडा

त्या हंगामात ७४५ क्लब उतरले होते. नोंद ऑगस्टपासून ठेवायची की नोव्हेंबरपासून, हे सुरुवातीलाच ठरवा. मध्येच मन बदललं तर मागचे शेकडो निकाल भरत बसावं लागतं, आणि तिथेच बहुतेक वह्या अर्धवट सुटतात. सगळ्या फेऱ्या आणि त्यांचे शनिवार असे:

| फेरी | शनिवार | संघ | लढती |
|---|---|---|---|
| अतिरिक्त प्राथमिक | ३ ऑगस्ट २०२४ | | |
| प्राथमिक | १७ ऑगस्ट | २७२ | १३६ |
| पहिली पात्रता | ३१ ऑगस्ट | २२४ | ११२ |
| दुसरी पात्रता | १४ सप्टेंबर | १६० | ८० |
| तिसरी पात्रता | २८ सप्टेंबर | ८० | ४० |
| चौथी पात्रता | १२ ऑक्टोबर | ६४ | ३२ |
| पहिली | २ नोव्हेंबर | ८० | ४० |
| दुसरी | ३० नोव्हेंबर | ४० | २० |
| तिसरी | ११ जानेवारी २०२५ | ६४ | ३२ |
| चौथी | ८ फेब्रुवारी | ३२ | १६ |
| पाचवी | १ मार्च | १६ | ८ |
| उपउपांत्य | २९ मार्च | ८ | ४ |
| उपांत्य | २६ एप्रिल | ४ | २ |
| अंतिम | १७ मे | २ | १ |

अतिरिक्त प्राथमिक फेरीची घरं मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. तिथला आकडा दर हंगामी किती क्लबांचे अर्ज स्वीकारले जातात यावर ठरतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा आकडा उचलून इथे भरू नका.

तक्त्यात संघांची संख्या मध्येच वाढलेली दिसते. ती चूक नाही. खालून जिंकत येणाऱ्यांना वरच्या दर्जाचे संघ ठरावीक फेरीत येऊन मिळतात. दुसऱ्या पात्रता फेरीत नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथचे ४८ संघ येतात, आणि चौथ्या पात्रता फेरीत नॅशनल लीगचे २४. पहिल्या फेरीत लीग वन आणि लीग टूचे ४८ संघ त्या फेरीत पोचलेल्या ३२ विजेत्यांना येऊन मिळतात. प्रीमियर लीगचे २० आणि चॅम्पियनशिपचे २४ संघ थेट तिसऱ्या फेरीत उतरतात. म्हणजे अगदी तळापासून निघालेल्या क्लबाला कप उचलायला १४ फेऱ्या जिंकाव्या लागतात, तर प्रीमियर लीगवाल्याला ६.

सांगाडा बरोबर आहे की नाही, हे एका वजाबाकीत कळतं. बाद पद्धतीत प्रत्येक लढतीत एकच संघ घरी जातो. म्हणून लढती म्हणजे एकूण संघ वजा एक. मुख्य फेऱ्यांमध्ये एकूण १२४ संघ (८० अधिक ४४) आणि १२३ लढती. वरच्या तक्त्यातल्या पहिल्या ते अंतिम फेरीच्या लढतींची बेरीज करून पाहा, १२३ च येईल. पूर्ण हंगामाचा हिशोब ७४५ वजा १, म्हणजे ७४४ लढती. त्यातल्या ६२१ पात्रता फेऱ्यांत संपतात. इथे लढत आणि सामना हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. बरोबरी होऊन रिप्ले झाला तर सामने दोन होतात, पण लढत एकच राहते.

क्लबांचं पान

पहिलं पान क्लबांचं. रकाने सहा पुरतात: संकेताक्षर, पूर्ण नाव, गाव, त्या हंगामातली पातळी, कुठल्या फेरीत उतरला, कुठल्या फेरीत बाद झाला.

संकेताक्षर हवंच. मराठीत लिहिताना एकाच क्लबाचं नाव आज मँचेस्टर, उद्या मॅंचेस्टर आणि परवा नुसतं सिटी असं होतं, आणि वही एक्सेलमध्ये असेल तर ते त्यांना तीन वेगळे संघ समजतं. प्रत्येक क्लबाला तीन-चार अक्षरांचं एक रूप ठरवून द्या. सामन्यांच्या पानावर फक्त तेच वापरा आणि पूर्ण नाव क्लबांच्या पानावरून आपोआप येऊ द्या.

पातळीच्या रकान्यात एक नेहमीची गफलत होते. इंग्लंडमध्ये दोन मोजपट्ट्या आहेत. पातळी मोजताना प्रीमियर लीग १, चॅम्पियनशिप २, लीग वन ३, लीग टू ४ आणि नॅशनल लीग ५ असं धरतात. पण पहिल्या चार पातळ्यांखालच्या, म्हणजे ‘लीगबाहेरच्या’ फुटबॉलमध्ये ‘स्टेप’ चालतात आणि तिथे नॅशनल लीग ही स्टेप १ असते. बातमीत ‘स्टेप ४ चा संघ’ असं दिसलं की तो आठव्या पातळीवरचा समजायचा. स्टेपमध्ये ४ मिळवले की पातळी मिळते. ही बेरीज विसरली तर इसेक्समधला एखादा अर्धव्यावसायिक संघ तुमच्या वहीत लीग टूमध्ये जाऊन बसतो.

पातळी ही क्लबाची कायमची ओळखही नाही, ती त्या हंगामापुरती असते. विगनने ११ मे २०१३ ला वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला हरवून कप जिंकला आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. पुढच्या हंगामाच्या पानावर गतविजेत्यापुढे २ लिहावं लागतं. जुनं पान कॉपी करून नवा हंगाम सुरू करणाऱ्यांची चूक नेमकी इथेच होते.

सारख्या नावांचीही काळजी घ्या. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवणारा विम्बल्डन एफसी आणि २००२ मध्ये समर्थकांनी उभा केलेला एएफसी विम्बल्डन यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात. मॅक्लस्फील्ड टाउन २०२० मध्ये बंद पडला, आजचा मॅक्लस्फील्ड एफसी नवा आहे. आणि यादीत वेल्सचे संघ दिसले तर दचकू नका. कार्डिफ, स्वॉन्सी, रेक्सम, न्यूपोर्ट हे याच स्पर्धेत खेळतात. १९२७ मध्ये कार्डिफने आर्सेनलला १-० हरवून कप इंग्लंडबाहेर नेला होता. तसं नंतर कोणालाच जमलेलं नाही.

ड्रॉ कसा टिपायचा

तिसऱ्या फेरीच्या ड्रॉमध्ये ६४ चेंडू असतात. १ ते ४४ क्रमांक प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपच्या संघांना इंग्रजी वर्णानुक्रमाने दिलेले असतात. ४५ ते ६४ हे दुसऱ्या फेरीतल्या लढतींचे विजेते. क्रमांकांची यादी ड्रॉच्या आधी जाहीर होते, ती आधीच उतरवून घ्या. थेट प्रक्षेपणात चेंडू भराभर निघतात. नाव ऐकून लिहायला गेलात तर हात मागे पडतो. नुसते आकडे लिहा आणि नावं नंतर भरा.

दोन चेंडूंपैकी आधी निघालेला यजमान. तटस्थ मैदानावर सामने होतात ते फक्त उपांत्य आणि अंतिम फेरीत, दोन्ही वेम्बलीवर. उपांत्य सामने २००८ पासून तिथेच होतात. पात्रता फेऱ्यांचे ड्रॉ मात्र देशभरातून एकत्र निघत नाहीत. प्रवास कमी व्हावा म्हणून क्लबांचे भौगोलिक गट पाडून ते काढतात, त्यामुळे तिथे शेजारची गावं वारंवार एकमेकांसमोर येतात. त्यात योगायोग शोधू नका.

कधी कधी ड्रॉ निघतो तेव्हा मागची फेरी पूर्ण झालेली नसते. अशा वेळी ‘अमुक किंवा तमुक’ असा चेंडू असतो. ड्रॉच्या पानावर दोन्ही नावं तशीच ठेवा आणि सामन्यांच्या पानावर निकाल लागल्यावरच एक नाव घाला. आत्ताच अंदाजाने मोठ्या संघाचं नाव घालून ठेवू, असं करणारे नंतर ते पुसायला विसरतात.

यजमानासाठी दोन रकाने ठेवा: ड्रॉनुसार यजमान आणि प्रत्यक्ष मैदान. याचं कारण २००३ मध्ये सापडतं. फार्नबरो या छोट्या क्लबाला आर्सेनलविरुद्ध घरचा सामना मिळाला होता, पण तो आर्सेनलच्या हायबरी मैदानावर खेळवला गेला आणि आर्सेनल ५-१ जिंकलं. ड्रॉनुसार यजमान फार्नबरो, मैदान हायबरी. एकच रकाना असेल तर यातली एक गोष्ट खोटी लिहावी लागते.

मोठे संघ लवकर भिडले की ड्रॉमध्ये काहीतरी शिजलं असं बोललं जातं. गणित साधं आहे. ६४ संघांत दोन ठरावीक संघ समोरासमोर येण्याची शक्यता ६३ मध्ये १, आणि ३२ संघांत ३१ मध्ये १. पण प्रीमियर लीगचे २० संघ असताना त्यांच्यातली कुठलीतरी एखादी जोडी जुळणं ही जवळपास नेहमीचीच गोष्ट आहे. २०२५ च्या जानेवारीत आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड तिसऱ्याच फेरीत भेटले.

निकालाची ओळ

सामन्याच्या ओळीत गोल एका रकान्यात २-१ असे लिहू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आणि नंतर ती परत मूळ रूपात आणताना मूळ आकडा हरवतो. यजमानांचे गोल एका रकान्यात, पाहुण्यांचे दुसऱ्यात. एवढंही पुरत नाही. पूर्ण ओळ अशी लागते: ९० मिनिटांनंतरचे गोल (दोन रकाने), जादा वेळेनंतरचे गोल (दोन), पेनल्टी शूटआऊट (दोन), आणि शेवटी पुढे गेलेला संघ. हा शेवटचा रकाना सूत्राने भरू नका, हाताने भरा. कारण पुढे येतंच आहे.

उदाहरण म्हणून १२ जानेवारी २०२५ चे दोन सामने घेऊ. टॅमवर्थ (पाचवी पातळी) विरुद्ध टॉटनहॅम: ९० मिनिटांनंतर ०-०, जादा वेळेनंतर ०-३, शूटआऊटचे रकाने रिकामे, पुढे टॉटनहॅम. नुसतं ०-३ लिहिलं असतं तर तो एकतर्फी सामना वाटला असता. प्रत्यक्षात पाचव्या पातळीवरच्या संघाने आपल्या कृत्रिम गवताच्या मैदानावर प्रीमियर लीगच्या संघाला दीड तास रोखून धरलं होतं. दुसरा सामना आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड: ९० मिनिटांनंतर १-१, जादा वेळेनंतर १-१, शूटआऊट ३-५, पुढे युनायटेड. आकडेवारीत हा सामना बरोबरीचाच धरायचा. शूटआऊटमधल्या पेनल्टी ना संघाच्या गोलसंख्येत मिळवायच्या, ना खेळाडूच्या. सामना चालू असताना मिळालेली पेनल्टी मात्र नेहमीचा गोल म्हणून मोजायची. या दोन पेनल्टींची सरमिसळ झाली की गोल करणाऱ्यांची यादी बिघडते.

रिकामं घर आणि शून्य यांतला फरकही पाळा. जादा वेळ खेळलाच गेला नसेल तर ते घर रिकामं हवं. तिथे शून्य टाकलं की १-१ वर संपलेला सामना जादा वेळेत ०-० झाला असं वाचलं जातं.

रिप्ले

टॅमवर्थचा सामना वर्षभर आधी झाला असता तर ०-० वर शिट्टी वाजली असती आणि पुन्हा खेळायला टॅमवर्थ टॉटनहॅमच्या मैदानावर गेलं असतं. मुख्य फेऱ्यांत तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता दोन्ही क्लबांना समान वाटा मिळतो. साठ हजारांच्या स्टेडियममधला अर्ध्याच्या जवळपासचा वाटा म्हणजे छोट्या क्लबाची काही वर्षांची बेगमी. रिप्ले बंद झाल्यावर छोट्या क्लबांनी एवढा आवाज का उठवला, ते इथे कळतं. वेळापत्रकाचा ताण खरा असला, तरी त्या निर्णयाची किंमत खालच्या क्लबांनी मोजली, हे आमचं स्पष्ट मत.

नोंदीपुरतं इतकं लक्षात ठेवा: २०२४-२५ मध्ये पात्रता फेऱ्यांत रिप्ले होते, पहिल्या फेरीपासून पुढे नव्हते. त्याआधी पाचव्या फेरीतले रिप्ले २०१८-१९ पासून बंद झाले होते, आणि कोविडमुळे २०२०-२१ मध्ये मुख्य फेऱ्यांत रिप्ले नव्हतेच, तर २०२१-२२ मध्ये ते तिसऱ्या फेरीपासून पुढे नव्हते. जुन्या हंगामाचं पान बनवताना आधी त्या वर्षीचा नियम पाहा, मगच रकाने आखा.

रिप्लेची ओळ मूळ सामन्याच्या लगेच खाली घ्या. लढत क्रमांक तोच ठेवा, पुढे ‘रि’ लावा आणि यजमान-पाहुणे उलटे करा. मूळ सामन्याच्या ओळीत ‘पुढे गेलेला संघ’ हे घर मोकळं राहील. १९९१-९२ पासून रिप्लेही बरोबरीत राहिला तर शूटआऊटवर निकाल लागू लागला, म्हणून एका लढतीला दोन ओळी पुरतात. त्याआधीच्या काळात निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. १९७१ मध्ये चौथ्या पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी सहा वेळा भेटले, एकूण ११ तास खेळले, आणि सहाव्या सामन्यात अल्व्हचर्च १-० जिंकलं. अशा हंगामांसाठी लढत क्रमांकापुढे रि१, रि२ असं लिहायची सोय हवी.

वेळ आणि तारीख

भारतीय वेळ इंग्लंडच्या उन्हाळी वेळेपेक्षा साडेचार तास आणि हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते. तिथे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना ऑगस्टमध्ये आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो, तर जानेवारीत रात्री साडेआठला. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. २०२४-२५ मध्ये मार्चमधला हा बदल बरोबर उपउपांत्य फेरीच्या मधोमध आला. २९ मार्चला शनिवारी फुलहॅम-पॅलेस सामना तिथल्या सव्वाबाराला, म्हणजे आपल्या पावणेसहाला. ३० तारखेला रविवारी प्रेस्टन-व्हिला सामना तिथल्या दीडला, म्हणजे आपल्या सहाला. एकाच फेरीत दोन दिवस, आणि दोन्ही दिवशी फरक वेगळा. सूत्रात साडेपाच तास कायमचे घालून ठेवलेत तर रविवारी तासभर उशिरा टीव्ही लावाल.

हिवाळ्यात रात्री पावणेआठचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाला सुरू होतो. वहीत तारीख नेहमी मैदानावरची लिहा आणि भारतीय वेळेसाठी वेगळा रकाना ठेवा. दोन तारखा मिसळल्या की तोच सामना दोनदा नोंदला जातो.

तिसऱ्या फेरीसारखी मोठी फेरी टीव्हीसाठी गुरुवारपासून पुढच्या आठवड्यापर्यंत पसरते. त्यात जानेवारीत मैदान गोठल्यामुळे सामने पुढे ढकलले जातात. पुढे ढकललेल्या सामन्याची तारीख बदला, ओळ नवी काढू नका.

जे रकान्यांत बसत नाही

आता ‘पुढे गेलेला संघ’ हाताने का भरायचा ते पाहू. गोल जास्त असलेला संघच पुढे जातो, हे जवळजवळ नेहमी खरं असतं. पण दीडशे वर्षांच्या स्पर्धेत या ‘जवळजवळ’ने बरेच कागद खराब केले आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या फेरीच्या रिप्लेत बार्न्सलीने हॉरशमला ३-० हरवलं. मात्र बार्न्सलीने अपात्र खेळाडू खेळवल्याचं निघालं, त्यांना स्पर्धेतून काढलं आणि हॉरशम दुसऱ्या फेरीत गेलं. २००६-०७ मध्ये बरीच्या बाबतीत हेच झालं. दुसऱ्या फेरीच्या रिप्लेत त्यांनी चेस्टरला हरवलं, अपात्र खेळाडूमुळे ते बाहेर गेले आणि चेस्टर पुढे सरकलं. अशा वेळी मैदानावरचा स्कोअर जसाच्या तसा ठेवा, पुढे जाणाऱ्याच्या घरात दुसरं नाव लिहा आणि शेऱ्यात कारण द्या. स्कोअर खोडला तर ते सामने झालेच नाहीत असा अर्थ निघतो.

अर्धवट सोडलेला सामना वेगळा. त्याचा स्कोअर मोजायचा नाही. २८ जानेवारी १९६१ ला ल्यूटनच्या चिखलात मँचेस्टर सिटीकडून डेनिस लॉने सहा गोल केले. संघ ६-२ पुढे असताना पाण्याने भरलेल्या मैदानामुळे ६९ व्या मिनिटाला सामना थांबवला गेला. तो पुन्हा खेळवला तेव्हा ल्यूटन ३-१ जिंकलं आणि सिटीचा एकमेव गोल पुन्हा लॉचाच होता. हिशोबात त्याच्या नावावर त्या लढतीत एकच गोल. अशी ओळ ठेवावी जरूर, पण ‘मोजायची का’ या रकान्यात ‘नाही’ लिहून. सगळ्या बेरजा याच रकान्यावर चाळून घ्या.

पूर्ण झालेला सामनाही रद्द होऊ शकतो. १३ फेब्रुवारी १९९९ ला आर्सेनलने शेफील्ड युनायटेडला २-१ हरवलं. शेफील्डच्या जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारला होता. तो शिरस्त्याप्रमाणे परत द्यायचा असताना कानूने झडप घातली आणि ओव्हरमार्सने गोल केला. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी स्वतःहून सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली. दहा दिवसांनी पुन्हा २-१ हाच स्कोअर लागला, पुन्हा आर्सेनलच्याच बाजूने. दोन ओळी हुबेहूब दिसतात, म्हणून एक चुकून दोनदा उतरली असं समजून ती पुसू नका. पहिली ‘नाही’, दुसरी ‘हो’.

‘एका क्लबाचा एकच पराभव’ ही तपासणीही काही हंगामांत कोसळते. १९९९-२००० मध्ये मँचेस्टर युनायटेड ब्राझीलमधल्या क्लब विश्वस्पर्धेसाठी गेल्याने एफए कपमध्ये उतरलंच नाही. तिसऱ्या फेरीत ६४ च्या जागी ६३ संघ राहिले. रिकाम्या जागेसाठी दुसऱ्या फेरीत हरलेल्यांतून चिठ्ठी काढली, ती डार्लिंग्टनची निघाली, आणि ते ॲस्टन व्हिलाकडून २-१ हरले. एकाच हंगामात दोनदा बाद झालेला संघ. १९४५-४६ मध्ये युद्धानंतर पहिल्यापासून सहाव्या फेरीपर्यंत प्रत्येक लढत दोन सामन्यांची (एक घरी, एक बाहेर) होती. चार्ल्टन त्यातला एक सामना फुलहॅमकडून हरलं, तरी एकूण गोलांवर पुढे गेलं आणि थेट अंतिम सामन्यात पोचलं. आणि १८७१-७२ च्या पहिल्याच हंगामात १५ क्लब होते, पण १४ लढतींचं गणित तिथे लावू नका. क्रिस्टल पॅलेस आणि हिचिन यांचा सामना ०-० सुटल्यावर दोघांनाही पुढे घेतलं होतं. ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने उपांत्य सामन्यात वाँडरर्सला ०-० रोखलं, पण पुन्हा लंडनला येण्याचा खर्च न झेपल्याने त्यांनी माघार घेतली. (तो पॅलेस आणि आजचा पॅलेस एकच का, यावर इंग्लंडमध्ये वाद आहे. वहीत दोन ओळी ठेवा आणि वादापासून लांब राहा.)

तपासणी

फेरी संपली की लगेच तीन गोष्टी पाहा: ‘पुढे गेलेला संघ’ या रकान्यातली नावं लढतींइतकीच आहेत का, कुठलं नाव दोनदा आलं नाही ना, आणि पुढच्या ड्रॉमधलं प्रत्येक नाव या यादीत किंवा नव्याने येणाऱ्यांत सापडतं का. एक्सेलमधलं काउंटइफ हे एकच सूत्र पुरतं. तीन फेऱ्या साचू दिल्या तर चूक शोधायला शनिवार जातो.

हंगामाअखेरीस विजेत्याची वाट उलटी चालत या. २०२४-२५ मध्ये क्रिस्टल पॅलेस: अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीवर १-० (एझे, १६ वं मिनिट, पुढे हेंडरसनने मार्मूशची पेनल्टी अडवली), उपांत्य फेरीत ॲस्टन व्हिलावर ३-०, उपउपांत्य फेरीत फुलहॅमच्या मैदानावर ३-०, पाचव्या फेरीत मिलवॉलवर ३-१, चौथ्यात डॉनकॅस्टरच्या मैदानावर २-०, तिसऱ्यात स्टॉकपोर्टवर १-०. सहा ओळी, १३ गोल केले, १ खाल्ला, एकदाही जादा वेळ नाही. तुमच्या गाळणीतून हे नेमके आकडे आले नाहीत, तर बहुधा एखाद्या ओळीत यजमान-पाहुणे उलटे पडले आहेत.

बक्षिसाचा रकाना ठेवणार असाल तर तो फेरीनिहाय ठेवा, कारण रक्कम फेरी जिंकल्यावर मिळते आणि साठत जाते. त्या हंगामात तिसरी फेरी जिंकल्याचे १ लाख १५ हजार पौंड होते आणि अंतिम सामना जिंकल्याचे २० लाख. विजेत्यापुढे नुसते २० लाख लिहिले तर आधीच्या पाच फेऱ्यांची कमाई गळते.

आणखी एक रकाना अनेक जण मे महिन्यातच भरून मोकळे होतात: विजेत्याला मिळालेली युरोपीय स्पर्धा. नियमाने एफए कपविजेता युरोपा लीगमध्ये जातो. पॅलेसच्या बाबतीत मात्र युएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघाने), एकाच मालकाचे अनेक क्लब असण्याविषयीच्या नियमावर बोट ठेवून, त्यांना त्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. क्रीडा लवादाने ऑगस्ट २०२५ मध्ये पॅलेसचं अपील फेटाळलं आणि युरोपा लीगची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली. हे घर ऑगस्टपर्यंत पेन्सिलीने लिहिलेलं बरं.